दिवा लागलाय, पण का ते विचारायचं नाही

गेल्या संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर आम्ही सातआठ जण शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एका गाडीभोवती उभे होतो. मॅसॅच्युसेट्सची जानेवारीतली थंडी, हातात तिळगुळाच्या पुड्या, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा त्रिकोण. खाली इंग्रजीत एक ओळ: ड्रायव्हर असिस्टन्स सध्या उपलब्ध नाही. मालकाने तीनदा गाडी बंद करून चालू केली. त्रिकोण जागचा हलला नाही.

मग सल्ले सुरू झाले. "सेटिंगमध्ये जाऊन ते सगळं बंदच करून टाक, मी गाडी घेतली त्याच दिवशी केलं." "बॅटरीची वायर काढून परत लाव." "लीज कधी संपतेय तुझी?" आणि सगळ्यात शेवटी, अगदी शांतपणे, "माझ्याकडे दीड वर्ष आहे तो दिवा, काही होत नाही."

त्या घोळक्यातला एक जण बँकेचा सर्व्हर पडला की रात्री दोनला उठून कारण शोधतो. एक जण वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी स्वतः बावीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आहेत. ऑफिसात कुणी "एरर येतेय पण दुर्लक्ष करा" म्हणालं तर आम्ही त्याला सोलून काढू. आणि ताशी सत्तर मैलांनी धावणाऱ्या, पोरंबाळं बसवलेल्या दोन टनांच्या यंत्राने "मला दिसत नाहीये" असं सांगितलं, तर आमचं उत्तर काय, तर काही होत नाही.

माझं भांडण या उत्तराशी आहे. ते उत्तर मीही वर्षभर दिलं, म्हणून जरा जास्तच.

आधी यंत्राबद्दल थोडं. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे, एक कॅमेरा असतो. तो लेनच्या रेषा, माणसं आणि पुढची गाडी बघतो. बहुतेक गाड्यांत बंपरच्या किंवा कंपनीच्या बिल्ल्याच्या मागे रडार असतं, ते अंतर मोजतं. मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आणखी दोन रडार असतात. बाजूच्या लेनमधली, आरशात न दिसणारी गाडी ती पकडतात. स्टिअरिंग किती वळलंय, चाकं किती वेगाने फिरताहेत, हे सांगणारे सेन्सर वेगळे. या सगळ्यांचं एकमत झालं तरच गाडी स्वतःहून ब्रेक लावते किंवा स्टिअरिंगला हलकासा धक्का देऊन लेनमध्ये ठेवते. एकाने जरी "माझी खात्री नाही" म्हटलं तरी एकदम तीनचार दिवे लागतात. डॅशबोर्डवर दिवाळी दिसली म्हणजे चार गोष्टी बिघडल्या असं नव्हे. बहुतेकदा एकच बिघडलेली असते आणि बाकीच्या तिच्यावर अवलंबून असतात.

आता माझी गोष्ट. मास पाइकवर एका ट्रकखालून खडा उडाला आणि काचेला तडा गेला. काच बदलणारा माणूस घरी आला, ड्राइव्हवेत तासाभरात नवी काच बसवून गेला. जाताना मी विचारलं, कॅमेऱ्याचं काय? म्हणाला, चालवताना आपोआप जुळेल. मी मान डोलावली. ऑफिसात असल्या उत्तरावर मी कुणाला जागेवरून उठू दिलं नसतं.

त्यानंतर कधी उन्हात "कॅमेरा तात्पुरता बंद" असा संदेश यायचा आणि जायचा. मी म्हटलं, असेल. त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. तिला ४९५ वरून नेत असताना गाडीने डावीकडे ओढ घेतली. मी सावरली. दोन मैलांवर परत तेच. आई शेजारच्या सीटवरून म्हणाली, "झोप येतेय का रे तुला?" आता तिला काय सांगणार, की मी जागा आहे, गाडी डुलक्या घेतेय?

डीलरकडे गेलो. त्यांनी १८९ डॉलर घेतले आणि कागदावर लिहून दिलं की दोष आढळला नाही, ग्राहकाच्या तक्रारीचा अनुभव आला नाही. हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल. त्याचा मराठीत अर्थ असा, की आम्ही गाडी पार्किंगमध्ये एक चक्कर फिरवली आणि तेव्हा ती नीट वागली.

यानंतर मात्र माझ्यातला टेस्टर जागा झाला. लाजेनेच म्हणा. एक वही केली. तारीख, वेळ, रस्ता, ऊन कुठल्या बाजूने, वेग किती, कोणता संदेश. दहा दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या, ज्या मी इतके दिवस एकच समजत होतो. कॅमेरा बंद होण्याचा संदेश फक्त ऊन समोरून असताना यायचा. डावीकडची ओढ मात्र ढगाळ हवेतही होती.

पहिल्याचं कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. आईने आल्याआल्या डॅशबोर्डवर पितळेचा छोटा गणपती बसवला होता. चांगला लिंबू-मीठ लावून घासलेला. ऊन पडलं की त्याची झळाळी काचेवर उमटायची आणि कॅमेऱ्याला नेमकी तीच दिसायची. डॅशबोर्डवर चमकणारी वस्तू ठेवू नका, हे अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पण गाडीची पुस्तिका आणि गृहकर्जाचे कागद ही आपल्या घरातली न वाचलेली दोन मोठी पुस्तकं.

आपल्या लोकांच्या गाड्यांत ही एक खास जातच आहे बिघाडांची. नव्या गाडीची पूजा झाली की पुढच्या बिल्ल्यावर शुभ चिन्हाचं स्टिकर चिकटवायचं, आणि त्याच्याच मागे रडार. आरशाच्या आसपास ई-झेडपास असा लावायचा की कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर यावा. मागे सायकलींचा रॅक लावायचा आणि मागच्या रडारने का बोंब मारली म्हणून बुचकळ्यात पडायचं. हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ आणि बर्फाचा चिखल बंपरवर थापला गेला की रडार आंधळं होतं. त्याला कोमट पाण्याचं फडकं पुरतं. आणि गाडीची साधी बारा व्होल्टची बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल, तर थंडीतल्या सकाळी दाब खाली जातो आणि अर्धा डझन मॉड्यूल एकदम तक्रार करतात. बॅटरी बहुतेक दुकानांत फुकट तपासून मिळते. त्या संक्रांतीच्या गाडीचं हेच निघालं. मंडळाचा कार्यक्रम होता म्हणून ती तीन दिवसांनी बाहेर काढली होती.

हे सगळं घरच्या घरी होण्यासारखं. पण माझी डावीकडची ओढ पुसून जाणारी नव्हती. फ्रेमिंगहॅममध्ये एका ब्राझिलियन गृहस्थांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी स्कॅनर लावायच्या आधी काचेचं बिल मागितलं. त्यात काच, गोंद, पट्टी, मजुरी सगळं होतं. कॅलिब्रेशनची ओळ नव्हती.

काच बदलली की कॅमेरा कंसातून निघतो आणि परत बसतो. तो आता नेमका कुठे बघतोय हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. काही गाड्यांत ते सपाट जमिनीवर, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या नक्षीचे फलक उभे करून करतात. काही गाड्यांत संगणक जोडून, रेषा स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून. काहींना दोन्ही लागतं. "चालवताना आपोआप जुळेल" यात सत्याचा अंश एवढाच, की चालवूनही करतात, पण बहुतेक गाड्यांत आधी यंत्र जोडून ती प्रक्रिया सुरू करावी लागते. फरक किती पडतो? कॅमेरा एक अंश वाकडा असेल तर शंभर मीटरवरची गोष्ट पावणेदोन मीटर बाजूला दिसते. इथली लेन बारा फुटांची, म्हणजे साधारण अर्धी लेन. माझी गाडी प्रामाणिकपणे लेनच्या मध्यावर जायचा प्रयत्न करत होती. तिच्या मते मध्य डावीकडे होता.

३४० डॉलरमध्ये ते झालं. काचवाल्यांना बिलाची प्रत आणि माझ्या वहीची पानं पाठवली, दोन पत्रं लिहिली, पैसे परत मिळाले. पण मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खुपत राहिली. गाडीला कोड माहीत होता. गाडी मला तो सांगत नव्हती.

१९९६ पासून इथे विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगखाली निदानासाठी एक सॉकेट असतं. त्यात लावायचा वीस डॉलरचा रीडर आपण मागवतो आणि "काही कोड नाही" असं बघून निर्धास्त होतो. तो रीडर बहुधा फक्त 'पी'ने सुरू होणारे, म्हणजे इंजिन आणि प्रदूषणाचे कोड वाचतो. ते सर्व कंपन्यांना समान ठेवावे लागले, कारण धुरावर सरकारचं नियंत्रण होतं. ब्रेक-स्टिअरिंगचे 'सी', बॉडीचे 'बी' आणि मॉड्यूलमधल्या संवादाचे 'यू' कोड वाचायला भारी यंत्र लागतं, आणि बऱ्याच वेळा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. उदाहरणार्थ यू ०४२८ याचा अर्थ, स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरकडून चुकीची माहिती येतेय. म्हणजे व्हील अलाइनमेंटनंतर कुणीतरी शून्य लावायला विसरलं असण्याची दाट शक्यता. एवढी साधी माहिती मालकाला पडद्यावर दाखवायला काय हरकत आहे? त्याच पडद्यावर कोणतं गाणं चालू आहे आणि बाहेर तापमान किती हे सगळं दिसतं. जागेची टंचाई नाही.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी. फियाट क्रायस्लरने २०१८ पासून आपल्या गाड्यांत त्या सॉकेटच्या मागे एक कुलूपच बसवलं. परवानगी घेतलेलं यंत्र असेल तरच ते उघडतं. हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. चालत्या गाडीच्या ब्रेकपर्यंत बाहेरून पोचता येणं ही थट्टेची गोष्ट नाही, आणि आमच्या धंद्यात तर ती रोजची भीती आहे. पण वाचू देणं आणि बदलू देणं यातला फरक आपल्याला तरी कुणी शिकवायला नको. लॉग वाचायची परवानगी आणि प्रॉडक्शनवर लिहायची परवानगी एकच आहे, असं सांगणाऱ्या माणसाला तुम्ही कामावर ठेवाल का?

आमच्या मॅसॅच्युसेट्सने हे भांडण मतपेटीपर्यंत नेलं. २०१२ मध्ये पहिल्यांदा. त्या जनमतानंतर झालेला राइट टू रिपेअर कायदा गाड्यांच्या बाबतीत देशात पहिला होता आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी तोच करार देशभर मान्य केला. मात्र त्यात एक मोठं भोक होतं: गाडी वायरलेसने कंपनीला जी माहिती पाठवते ती बहुतांशी वगळली होती. २०२० मध्ये तेही जनमताला आलं. टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार झाला, तुमच्या गाडीची माहिती गुंडांच्या हाती जाईल वगैरे. तरी शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी होय म्हटलं. मतमोजणीनंतर काही आठवड्यांत कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. सुबारू आणि किया यांनी २०२२ च्या मॉडेलपासून आमच्या राज्यातल्या ग्राहकांना ती जोडणीची सेवा देणंच थांबवलं. जून २०२३ मध्ये तर वाहनसुरक्षेच्या केंद्रीय खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, कंपन्यांना पत्र लिहिलं की हा राज्याचा कायदा पाळू नका. दोन महिन्यांत सूर मवाळ केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेननेही मोठ्या बहुमताने तसाच कायदा केला. आमच्या कायद्याविरुद्धचा दावा जिल्हा न्यायालयाने फेटाळला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. मत दिल्यापासून सव्वाचार वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, आम्ही टेक्ससला, आमचा काय संबंध? संबंध असा. एप्रिल २०२४ मध्ये एनएचटीएसएने नियम केला की सप्टेंबर २०२९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लागण्याची यंत्रणा हवी, पादचाऱ्यांसाठीसुद्धा. मला हा नियम मान्य आहे. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या अभ्यासात या यंत्रणेने मागून धडकण्याचे अपघात निम्म्यावर आणलेले दिसले. म्हणूनच "बंद करून टाक" हा सल्ला मला चालत नाही. त्याच संस्थेने २०१६ मध्ये सर्व्हिसला आलेल्या गाड्या तपासल्या तेव्हा लेनची यंत्रणा जेमतेम निम्म्या गाड्यांत चालू होती. लोकांनी कटकट म्हणून बंद केली होती. लोकांना दोष देण्याआधी त्या कटकटीत खरी किती आणि चुकीच्या जुळणीची किती, हे कोण बघणार? जी गोष्ट कायद्याने गळ्यात घालणार, ती बिघडल्यावर का बिघडली हे मालकाला कळण्याचा हक्कही कायद्यानेच मिळाला पाहिजे. नुसता दिवा पुरेसा नाही.

आणि आता आपल्याकडे वळतो, कारण कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एनएचटीएसएने होंडाच्या सुमारे १७ लाख गाड्यांची चौकशी सुरू केली. समोर काही नसताना ब्रेक लागत होते. किती तक्रारींवरून? २७८. त्याच महिन्यात टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची, ३५४ तक्रारींवरून. होंडाची चौकशी पुढे २०२४ मध्ये वाढून सुमारे ३० लाख गाड्यांपर्यंत गेली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये माझदाने असंच भलत्या वेळी ब्रेक लागतात म्हणून ३५ हजारांवर गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं होतं. आता पहिला आकडा परत बघा. १७ लाखांत २७८. सहा हजार गाड्यांमागे एक माणूस. आमच्या मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये जेवढ्या होंडा उभ्या असतात, तेवढ्या मालकांनी जरी तोंड उघडलं असतं तरी त्या यादीत वेगळं उठून दिसलं असतं.

तोंड का उघडत नाही? हे मी पार्किंग लॉटमध्ये विचारलं. एक जण म्हणाला वेळ नाही. दुसरा जरा गप्प राहून म्हणाला, "ग्रीन कार्ड पेंडिंग आहे रे, कशाला सरकारकडे नाव द्या." यावर कुणी हसलं नाही. ही भीती मला कळते. मीही अकरा वर्षं व्हिसावर काढली आहेत आणि त्या काळात शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दलसुद्धा टाउन हॉलला फोन केला नव्हता. पण बघा, ही तक्रार तुमच्याबद्दल नाही, गाडीबद्दल आहे. एनएचटीएसएच्या साइटवर गाडीचा सतरा अक्षरांचा व्हिन नंबर टाकायचा, काय झालं ते लिहायचं, तारीख आणि वेग द्यायचा. तुमचा व्हिसा कोणता हे तिथे कुणी विचारत नाही. तक्रार सर्वांना वाचता येते, नाव-पत्ता वगळून. फोन करायचा असेल तर ८८८-३२७-४२३६.

त्याच साइटवर आणखी एक खजिना आहे. तुमच्या मॉडेलबद्दल कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक पत्रकं. डीलरने "दोष आढळला नाही" लिहून दिल्यावर मी तिथे शोधलं. माझ्या मॉडेलच्या काच बदलल्यानंतरच्या कॅलिब्रेशनवर एक स्वतंत्र पत्रक होतं. डीलरकडे ते असणारच. पुढच्या वेळी छापून नेलं आणि काउंटरवर ठेवलं. आवाज चढवावा लागला नाही. आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी जाते, ही धमकी कुणी दिली तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा एवढंच नाव घ्या. निव्वळ बाहेर काम केलं या कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही.

एक काका मला म्हणाले, "अरे, आम्ही मुंबईत फियाट चालवली, ढकलून सुरू केली, असले दिवेच नव्हते." खरं आहे काका. पण त्या फियाटचं बॉनेट उघडलं की दादरचा कुठलाही मेकॅनिक आत हात घालू शकत होता, आणि तुम्हीही डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून पुसत होतात. मी परत मागतोय ते तेवढंच. बॉनेट उघडायची परवानगी.

तर आज जेवण झाल्यावर एक काम करा. गेल्या तीन वर्षांत काच बदलली असेल, बंपर रंगवला असेल, अलाइनमेंट केली असेल, तर ती बिलं काढा आणि कॅलिब्रेशनची ओळ शोधा. नसेल तर फोन करून विचारा, आणि उत्तर ईमेलने मागा. दिवा लागत असेल तर त्याचा फोटो काढा, वेळ लिहा. मुलं गाडी शिकत असतील तर हे त्यांच्याकडून करून घ्या. ती आपल्यापेक्षा कमी घाबरतात.

मी माझी तक्रार दाखल केली तेव्हा पंधरा मिनिटं लागली. त्यातली पाच व्हिन नंबर दोनदा चुकीचा टाकण्यात गेली. आलेला नंबर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, काचेच्या बिलाशेजारी. आईचा गणपतीही आता तिथेच असतो. सुरुवातीला तिला ते आवडलं नाही. म्हणाली, देवाला अंधारात ठेवतोस. मग मी तिला ती वही दाखवली, उन्हाच्या वेळा आणि संदेश. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि विचारलं, "मग हे त्या गाडीवाल्यांना आधी का नाही कळवलंस?"